गोळी वाकडी नव्हती

भाऊ, सुरुवातीलाच सांगून टाकतो. गोळी वाकडी नव्हती.

तुम्हाला जाऊन आज सोळावा दिवस. लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलतायत, इतकं की मला दोनदा उठून बाहेर जावंसं वाटलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी हॉलमध्ये एकाने तुम्हाला शांत स्वभावाचे म्हटलं. दुसऱ्याने मितभाषी म्हटलं. एका गोळीवरून माझ्याशी सलग चार महिने भांडलेला माणूस मितभाषी कसा, हे मला विचारायचं होतं. पण माइक माझ्या हातात आला तेव्हा दोन वाक्यंही धड निघाली नाहीत. खाली बसलो. माधुरीने, म्हणजे माझ्या बायकोने, पाठीवर हात ठेवला. घरी येताना गाडीत म्हणाली, "इतर वेळी थांबत नाहीस बोलायचा." म्हणून राहिलेलं लिहून काढतोय. तुम्ही मध्येच तोडणार नाही, एवढा एक फायदा आहे.

आपलं भांडण काय होतं ते तुम्हाला पाठ आहे. तरी तुमच्या पश्चात माझी बाजू एकदा नीट मांडली जावी. गेल्या नोव्हेंबरात साठ पावलांवर उभ्या असलेल्या हरणावर तुम्ही गोळी झाडलीत आणि ती त्याच्या पाठीवरून गेली. गोळी मी ओतलेली होती. काडतूस तुम्ही भरलेलं होतं. नेम तुमचा होता. तुमचं म्हणणं, गोळी वाकडी. माझं म्हणणं, नेम चुकला. या दोन वाक्यांवर आपण अख्खा हिवाळा काढला.

पण मला आधीपासून सांगू द्या.

आपली ओळख टायरच्या दुकानात झाली. कॅनडातलं हे आपलं अख्खं केंब्रिज विंटर टायर्स लावून घ्यायला रांगेत होतं. मी कागदी कपातली कॉफी घेऊन बसलो होतो. समोर पन्नाशी उलटलेला एक गृहस्थ मेकॅनिकच्या मागे लागला होता, की चाकांवरून काढलेली शिशाची जुनी वजनं मला द्या. चाक थरथरू नये म्हणून रिमला लावतात ती, बोटाच्या पेराएवढी. मेकॅनिकने अख्खी बादली दिली. ती उचलताना त्या गृहस्थाच्या कमरेत कळ आली आणि तोंडातून जे बाहेर पडलं ते अस्सल नागपुरी होतं. मी खुर्चीतूनच म्हटलं, "अहो, गुडघ्यात वाकून उचला." तुम्ही बादली खाली ठेवलीत आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंत.

"पुण्याचा आहे का बे?"

"हो. कसं ओळखलंत?"

"बादलीले हात नाही लावला, सल्ला देल्ला."

त्या दिवसापासून मी पुणेकर. माझं खरं नाव तुम्हाला माहीत होतं की नाही ही शंका मला शेवटपर्यंत राहिली. बादलीची एक कडी मी धरली, एक तुम्ही, आणि गाडीपर्यंत जाताना मी विचारलं की एवढ्या शिशाचं करता काय. तुम्ही म्हणालात, "गोळ्या." मला वाटलं औषधाच्या. मग वाटलं हा माणूस वेडा आहे. रविवारी सकाळी दहा वाजता मी तुमच्या गॅरेजमध्ये होतो.

तुम्ही उमेदीची वर्षं नागपूरच्या बाजूला सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली होती, इथे आल्यावर एका टूलरूममध्ये. हाताला सवय होती, आणि तुमच्या शेजारच्या डगने, उत्तरेत थोडं जंगल राखून असलेल्या त्या अवाढव्य माणसाने, तुम्हाला आपली जुनी लिव्हरची रायफल विकली होती. घोड्याभोवतीची कडी पुढे ढकलायची, मागे ओढायची, की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. तो आवाज तुम्हाला इतका आवडायचा की बंदूक रिकामी आहे हे तीनदा तपासून तुम्ही ती कडी उगाच मागेपुढे करत बसायचात. सुमनवहिनी आतून ओरडायच्या, "झालं का खेळून?"

मी साच्यांचा इंजिनिअर. गाडीच्या दरवाजात आतून लागणारे प्लास्टिकचे भाग ज्या साच्यांत ओततात, ते साचे डिझाइन करणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे तुम्ही तो दोन खणांचा लोखंडी साचा दाखवलात तेव्हा मी म्हणालो, "भाऊ, साच्यातलं मला शिकवू नका." तुम्ही पळी माझ्या हातात दिलीत. माझ्या पहिल्या वीस गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या, थेट मनुका. साचा आधी तापवावा लागतो हे मी विसरलो होतो. तुम्ही एक गोळी उचलून उजेडात धरलीत, बराच वेळ पाहिलीत आणि म्हणालात, "प्लास्टिकमध्ये चालत असंन."

मग शिकलो. शिसं वितळलं की त्यात मेणबत्तीचा तुकडा टाकून ढवळायचं, मळी वर येते ती काढायची. साचा भरायचा, वरचा टपोरा थेंब गोठेपर्यंत थांबायचं, तो कापायचा, साचा उघडायचा, गोळी ओल्या नव्हे, कोरड्या टॉवेलवर पाडायची. नाक चपटं पाहिजे, टोकदार नको, कारण या बंदुकीत काडतुसं नळीत एकामागे एक बसतात, एकाचं नाक पुढच्याच्या पाठीला, आणि टोकदार नाकाने धक्क्यासरशी पुढचं काडतूस आतच उडायचं. हे सांगताना तुम्ही प्रत्येक वेळी माझ्या नाकाकडे पाहायचात. धूर बाहेर जावा म्हणून गॅरेजचं दार अर्धं उघडं. बाहेर उणे अठरा. पोट भाजून निघायचं आणि पाठीचा बर्फ व्हायचा. आज कोणी मला विचारलं की कॅनडातल्या हिवाळ्याची सगळ्यात चांगली आठवण कोणती, तर मी हेच सांगेन आणि त्यांचा विश्वास बसणार नाही.

त्या टोपीचं प्रकरणही मी विसरलेलो नाही. ड्राइव्हवे शोव्हल करून मी तसाच आत आलो, लोकरी टोपीवर बर्फ, आणि भांड्यावर वाकलो. एक थेंब. फक्त एक. भांड्यातलं शिसं फाडकन छताला गेलं. आपण दोघे खाली बसलो होतो, मी टेबलाखाली आणि तुम्ही माझ्यावर. चष्मे होते म्हणून डोळे राहिले. उठल्यावर तुम्ही जाड मार्कर घेतलात आणि भिंतीवर लिहिलंत: भांड्याजवळ आणू नये — पाणी, बर्फ, चहा, पुणेकर. ते अजून तिथे आहे. छतावरचे शिशाचे शिंतोडेही आहेत. परवा वर पाहून मी मोजायला लागलो आणि वहिनींनी विचारलं, काय शोधताय. काही नाही म्हणालो.

आणि आप्पेपात्र. वितळवून साफ केलेलं शिसं साठवायला छोट्या लाद्या कराव्या लागतात. इथले लोक त्यासाठी मफिनचं भांडं वापरतात. तुमच्याकडे मफिनचं भांडं नव्हतं. माझ्या डोक्यात कल्पना आली आणि मी माधुरीचं बिडाचं आप्पेपात्र आणलं, तिच्या आईने पुण्याहून विमानात हातात धरून आणलेलं. एकदाच वापरू, धुऊन परत नेऊ, असा माझा बेत. पहिला घाणा पडल्यावर तुम्ही म्हणालात, "आता यात खाचं नाही. कधीच नाही. शिसं जात नाही बे धुऊन." मी हातपाय गाळले. पुढच्याच शनिवारी आमच्याकडे आठ माणसं नाश्त्याला आणि पीठ भिजवलेलं. माधुरीने सगळी कपाटं पालथी घातली. मी शेवटी कबूल केलं. ती गाडी काढून तुमच्याकडे आली आणि गॅरेजमध्ये त्या सात चकाकत्या आप्प्यांकडे बघत उभी राहिली. आमची इरा, वय वर्षं चौदा, मागून म्हणाली, "मॉम, दे लुक परफेक्ट दो." तुम्ही चार दिवसांत कुठूनतरी नवं आप्पेपात्र पैदा केलंत आणि जुन्याच्या मुठीवर लाल रंगाने "खायचं नाही" असं लिहिलंत. घरात अजूनही मी पात्र म्हटलं की माधुरी माझ्याकडे वळून बघते.

खरं भांडण मात्र आपलं पूजेवरून असायचं.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा होते. वडिलांच्या वर्कशॉपमध्ये मी लहानपणापासून पाहिलेली. इथे आल्यावर पूजा करायला माझ्याकडे होता एक लॅपटॉप. त्याला हळदकुंकू वाहताना माझं मलाच कसंतरी व्हायचं. आणि तुमच्या गॅरेजमध्ये काय नव्हतं? साचा, पळी, काडतुसं भरायचं दाबयंत्र, नागपूरहून आणलेला तीस वर्षांचा व्हर्नियर आणि खुद्द रायफल. मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "आमी पूजापाठ करत नाही, तुले माहीत आहे."

"तुम्ही नका करू. मी करतो."

"हत्याराले तेल लागते बे, फूल नाही."

"तेल तुम्ही घाला, फूल मी घालतो."

त्यावर तुम्ही हसलात आणि आत चहा ठेवायला गेलात. दर वर्षी हेच. मी ताट घेऊन यायचो, तुम्ही कुलूप उघडून रायफल टेबलावर ठेवायचात, रिकामी असल्याचं मला दाखवायचात, आणि पूजा होईपर्यंत स्वयंपाकघरात थांबायचात. घर तुमचं, बंदूक तुमची, चीड येण्याचा पूर्ण हक्क तुमचा. तुम्ही फक्त एवढंच म्हणायचात, "झालं? आता पुसून घेतो." मीही तुम्हाला सोडलं नाही. पंचशीलातलं पहिलं शील आणि हरणाची शिकार यांचा मेळ कसा घालता, असं एकदा जेवताना विचारलं. तुम्ही म्हणालात, "तो माहा आणि माह्या मनाचा प्रश्न आहे. तू वरण वाढ." वहिनी म्हणाल्या, सहा सीझन झाले, अजून एक केस घरी आला नाही, मेळ काय घालायचाय.

तर मागच्या वर्षीची पूजा. सप्टेंबरात तुम्ही रेंजवर, नेमबाजीच्या मैदानावर, जाऊन नेम पक्का करून आला होता, पाच गोळ्यांची भोकं एका बशीत मावतील असा. ऑक्टोबरात मी पूजा केली. जरा जास्तच मनापासून केली, कारण आमच्या कंपनीत कुजबुज सुरू झाली होती, मंदी येतेय, माणसं कमी करणार. घाबरलेला माणूस अक्षता मोजून टाकत नाही. ओंजळभर टाकल्या.

नोव्हेंबरात डगबरोबर उत्तरेत गेलो. मी शाकाहारी, माझ्याकडे शिकारीचा परवानाही नाही, मी आपला निरीक्षक. तुम्ही मला नारिंगी जॅकेट आणि नारिंगी टोपी घातलीत. मी गणपती मंडळाचा स्वयंसेवक दिसत होतो. पहाटेपासून आपण एका पडलेल्या झाडामागे बसलो होतो. मी चिक्कीचा कागद उघडला तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की चिक्की मी चावली नाही, चघळली. आणि मग ते आलं. बर्चच्या झाडांमधून, एकेक पाऊल टाकत. तुम्ही बंदूक खांद्याला लावलीत. मी श्वास धरला. मी ओतलेली गोळी जाणार होती, भाऊ.

आवाज झाला. हरणाने मान वर केली, आपल्याकडे पाहिलं आणि गेलं. घाई सुद्धा केली नाही. मागच्या बर्चच्या खोडात भोक होतं, जिथे असायला हवं होतं त्याच्या एक वीत वर. डग दाढी खाजवत म्हणाला, "नाइस अँड लाउड." तुम्ही त्या भोकासमोर पुष्कळ वेळ उभे राहिलात. चिडलेले नव्हतात, चक्रावलेले होतात. परतीच्या पाच तासांत मी नेमाबद्दल बोललो, वयाबद्दल बोललो, चष्म्याच्या नंबराबद्दल बोललो. तुम्ही एवढंच म्हणालात, "माहा नेम बरोबर होता. घरी जाऊन बंदूक खोलून पाहतो, मग बोलतो."

त्याच आठवड्यात शुक्रवारी मला कंपनीने ले-ऑफ दिला.

त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. बेसमेंटमध्ये सोफा आहे, त्यावर मी नऊ दिवस पडून होतो. एकाच स्वेटपँटमध्ये. बर्फ पडला तो माधुरीने कामावर जायच्या आधी शोव्हल केला. इरा खाली यायची, जिन्यात थांबायची, म्हणायची, "डॅड, आर यू ओके?" मी म्हणायचो, हो. बारा वर्षं साचे काढले आणि त्यांना माझी गरज नव्हती. कुणाचा फोन घेत नव्हतो. लोक फोनवर हळू आवाजात बोलायचे, मर्तिकाला आल्यासारखे, ते मला सहन व्हायचं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी माधुरीने फोन माझ्या कानालाच लावला. तुम्ही होतात. ना कसा आहेस, ना नोकरीचं कळलं.

"पुणेकर, मी तपासलं. तुही गोळी वाकडी होती."

"काय?"

"वाकडी. म्हणून हरीण गेलं." आणि ठेवून दिलात.

मी सोफ्यावरून उठलो. मला आठवतंय, जिना चढताना मी मोठ्याने बोलत होतो. बारा वर्षं साचे केलेत मी, आणि हा माणूस मला सांगतो वाकडी. पँट चढवली. नऊ दिवसांनी. माधुरी म्हणाली, दाढी तरी कर. मी म्हटलं, वेळ नाही.

तुमच्या टेबलावर उरलेल्या गोळ्यांपैकी एक करवतीने उभी कापून ठेवली होती. तळाशी टाचणीच्या टोकाएवढी पोकळी. "हे पाह्य." मी म्हटलं, भाऊ, याला पोकळ म्हणतात, वाकडी नाही, आणि ही गोळी झाडलेली नाही, झाडलेली बर्चमध्ये आहे. तुम्ही म्हणालात, "मग चांगली करून दाखव." मी म्हटलं, "दाखवतो."

असा सुरू झाला तो हिवाळा. दर रविवारी दहाला. मी वीस ओतायचो, तुम्ही वीस तराजूत घालायचात, अठरा परत भांड्यात टाकायचात. केसाएवढा फरक चालेना. मी साच्याला झरोके पाडले, पळीचं तोंड घासलं, शिशाचं तापमान वहीत लिहायला लागलो. आठवड्यात बेसमेंटमध्ये बसून मी साच्याची ड्रॉइंग काढायचो, रात्री नोकऱ्यांना अप्लाय करायचो, आणि बऱ्याचदा ड्रॉइंग काढायचं म्हणून खाली गेलेला मी अप्लाय करूनच वर यायचो. इरा म्हणाली, "डॅड, यू नीड अ हॉबी." मी म्हटलं, "ही हॉबीच आहे." ती म्हणाली, "नो, धिस इज अ फाइट." तुम्ही काडतुसं भरायला बसलात की बोलायला बंदी, कारण बारूद मोजताना चूक झाली तर जीवावर बेतेल. मी एकेक तास गप्प बसायचो. घरी कुणाला पटेना.

मी म्हणायचो, चला ना रेंजवर, झाडून पाहू, एका दिवसात निकाल लागेल. तुम्हाला दर वेळी काहीतरी निघायचं. बर्फ फार आहे. कंबर धरली आहे. किल्ली सापडत नाही. बंदुकीला तुम्ही मला हात लावू दिला नाहीत. मला तर वेगळाच संशय आला, की तुम्ही मुद्दाम चुकवलंत, जीव घ्यायला मन झालं नाही आणि कबूल करायची लाज वाटते. तसं विचारलंही. तुम्ही म्हणालात, "मुद्दाम चुकवाचं असतं तर पाच तास गाडी कायले चालवली असती?" एवढं म्हणून माझ्या एकोणीस गोळ्या नापास केल्यात. मी घरी आलो तो इतका तावातावाने, की माधुरी म्हणाली, भाऊंच्या घरी एकदा जाऊन त्यांचे पाय धरायला हवेत. मला वाटलं ती टोमणा मारते आहे.

मार्चमध्ये मला नोकरी लागली, सहा महिन्यांची, पण लागली. तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "हाव का. मग गोळ्यांचं कसं?" मी म्हटलं, रविवारी सुट्टीच आहे. "मग येजो." त्या रविवारी मी वीस ओतल्या आणि तुम्ही वीस पास केल्यात. एकही भांड्यात गेली नाही. मी वाट पाहत होतो की आता काहीतरी म्हणाल. तुम्ही हात धुतलेत, आधी गार पाण्याने, मग साबणाने, आणि म्हणालात, "बऱ्या आहेत." मी मनात ठरवलं, पुढच्या रविवारी कबूल करून घेतो. पुढचा रविवार आला नाही. गुरुवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

काल वहिनींकडे गेलो होतो. बंदूक कुलपात आहे, तिच्या कागदपत्रांचं तुमचा मुलगा बघतोय. वहिनींनी मला तुमची वही दिली, काडतुसांची, हिरव्या पुठ्ठ्याची. म्हणाल्या, "यात माझ्यापेक्षा तुमचंच नाव जास्त आहे. घेऊन जा." मी गॅरेजमध्ये स्टुलावर बसून उघडली. नोव्हेंबरचं पान शोधलं. तुमचं ते बारीक, सरळ, टूलरूममधलं अक्षर.

"साठ पावलं. वारा नाही. गोळी पाठीवरून. एक वीत वर." त्याखाली: "साफ करताना मागच्या खाचेखाली तांदूळ. पिवळा. पुणेकरचा." आणि त्याखाली, पारदर्शक टेप लावून चिकटवलेला, एक अख्खा, हळदीने माखलेला बासमतीचा दाणा.

मी तो दाणा बघत बसलो. बंदुकीवर मागे जी खाच असते ती एका छोट्या पायऱ्यांच्या पट्टीवर टेकलेली असते. एक पायरी चढवली की गोळी वर जाते. माझ्या ओंजळभर अक्षतांपैकी एक दाणा, ओल्या हळदीसकट, त्या खाचेखाली शिरला, वाळला आणि पक्का बसला. तुम्ही वरून पुसलंत, तो खाली राहिला. पूजेनंतर रेंजवर कुणी गेलं नाही. त्या हरणाने माझे आभार मानायला हवेत.

पुढची ओळ होती: "माहा नेम बरोबर. त्याची गोळी बरोबर. पूजा नडली. रविवारी सांगाचं, चहावर, सगळ्यांसमोर." सगळ्यांसमोर या शब्दाखाली दोन रेघा. तुम्ही हे लिहिताना हसत असणार, मला दिसतंय. आणि मग ती अख्खी ओळ एका सरळ रेघेने खोडलेली. खाली वेगळ्या पेनाने, निळ्या शाईत:

"आत्ता नाही. बर्फ सरल्यावर."

भाऊ, ती खोडलेली ओळ आणि ही निळ्या शाईची ओळ, यांच्या मध्ये माझी नोकरी गेली तो शुक्रवार होता.

तुम्ही पूजेच्या वादात मला कायमचं गप्प बसवू शकला असता. तुमचा नेम, माझं तोंड, हत्याराले तेल लागते ते सगळं, एका दाण्यात. नागपूरच्या माणसाच्या हातात पुण्याच्या माणसाला आयुष्यभर पुरेल एवढा दारूगोळा आला होता, आणि तुम्ही तो टेप लावून वहीत ठेवून दिलीत. उलट चार महिने स्वतःचा नेम चुकला म्हणून माझी बोलणी खाल्लीत. माझ्या हातात कसलंच काम उरलेलं नव्हतं, तेव्हा तुम्ही खोटंच सांगितलंत की तुझी गोळी वाकडी आहे, ये आणि दुरुस्त कर. किल्ली सापडत नव्हती म्हणे. मी सगळ्यावर विश्वास ठेवला.

वहिनींना माहीत होतं. मी बाहेर आलो तर त्या दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी म्हणायचे, सांगून टाका त्याला. तर म्हणायचे, अजून थंडी आहे." मी तिथेच पायरीवर बसून रडलो. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. वहिनींनी चहा आणला, गॅरेजच्या बाहेर, कारण भिंतीवरचा नियम अजून चालू आहे.

आभार मानायचे राहिले, भाऊ. हॉलमध्ये तेच म्हणणार होतो, जमलं नाही. इथे म्हणतो. तुम्ही त्या हिवाळ्यात मला सोफ्यावरून उठवलंत.

पण एक गोष्ट आहे. आज सकाळी ऑफिसला निघताना पाहिलं. आमच्या ड्राइव्हवेच्या कडेला, मीच शोव्हल करून रचलेला ढीग अजून गुडघ्याएवढा आहे. तुमच्या दारासमोरचा तर त्याहून मोठा. बर्फ सरलेला नाही. तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे की बर्फ सरल्यावर सांगायचं. म्हणजे तुमच्याच नियमाने मला अजून काहीही कळलेलं नाही.

वहिनींना सांगून ठेवलं आहे. रविवारी दहाला येतो. साचा तापवून ठेवतो. गोळी वाकडी नव्हती, हे मला अजून सिद्ध करायचं आहे.